जुन्या नाशकात राहायला येताय? आधी उतार बघा

नाशकात बदली झाली किंवा नोकरी लागली की माणूस घर शोधतो ते इंदिरानगरला, गंगापूर रोडला, नाहीतर पाथर्डी फाट्याकडे. तिथे लिफ्ट असते, पार्किंग असतं आणि दुधाची पिशवी आणायलाही गाडी काढावी लागते. हा लेख त्यांच्यासाठी नाही. ज्यांना रविवार कारंजा, तिवंधा, दहीपूल, डिंगरअळी, भद्रकाली किंवा नदीपलीकडची जुनी पंचवटी इथे खोली घेऊन पायी फिरत राहायचं आहे, त्यांनी वाचावं. सुख आहेच, पण ते डोळे उघडे ठेवून घ्यावं लागतं.

घर बघण्याआधी गल्ली चाला

दलाल तुम्हाला थेट दारात नेऊन उभा करील. त्याआधी एक दिवस मोकळा काढा आणि अशोक स्तंभाकडून रविवार कारंजा, तिथून मेनरोडने धुमाळ पॉइंट, गाडगे महाराजांचा पुतळा, मग डावीकडच्या बोळांत शिरून दहीपूल, सराफ बाजार, सरकारवाडा आणि खाली गंगेवर असं निवांत उतरत जा. गोदाघाटाला इथे सगळे ‘गंगा’च म्हणतात, तुम्हीही आठवड्याभरात म्हणू लागाल. उतरताना पायाला जो उतार लागतो, तो लक्षात ठेवा. जुन्या नाशकात घराचं भाडं, ओल, शांतता आणि पुराची भीती या चारही गोष्टी त्या उतारावर ठरतात.

जुनं गाव नऊ टेकड्यांवर वसलं असं सांगतात. आता इमारतींच्या दाटीत टेकड्या दिसत नाहीत, पण म्हसरूळ टेक हे नाव अजून आहे आणि पोटऱ्यांना चढ कळतोच. तिवंधा, म्हसरूळ टेक, डिंगरअळी, चित्रघंटा ही वरची वस्ती. इथे दुकानं कमी, राहती घरं जास्त, रात्री दहानंतर बऱ्यापैकी सामसूम. सराफ बाजार, भांडी बाजार, दहीपूल हा खालचा पट्टा. दिवसभर बाजार, पहाटे फुलवाल्यांची गडबड, आणि पावसाळ्यात पाणी पहिल्यांदा इथेच शिरतं.

दहीपुलावर उभं राहिलात तर नदी कुठे दिसत नाही. पण पूल आहे म्हणजे खाली पाणी आहेच. सरस्वती नाला इथून बाजाराच्या पोटातून गोदावरीला मिळतो. जोराचा पाऊस झाला आणि गोदावरीही चढलेली असली की नाल्याच्या पाण्याला पुढे वाट राहत नाही, ते उलटं फिरून दुकानांत येतं. म्हणून इथल्या तळमजल्यावरची खोली कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. पहिल्या मजल्याचा विचार करा, तोही जिना कुठे उतरतो ते बघून.

भद्रकाली, दूध बाजार, चौक मंडई, पिंजारघाट या बाजूचा नूर वेगळा. मशिदी, बडी दर्गा, कुठे तालीम, कुठे देऊळ, आणि रमजानमध्ये दूध बाजार रात्री उशिरापर्यंत जागा. लवकर झोपायची सवय असेल तर त्या महिन्यात कुरकुर कराल, खाण्याची आवड असेल तर खूश व्हाल. पंचवटीत काळाराम मंदिर, सीतागुंफा, शनि चौक, सरदार चौक हा सगळा यात्रेकरूंचा मुलूख. घराच्या ओट्यावर अनोळखी माणसं टेकलेली चालत असतील तरच तिथे राहा.

एक जागा मात्र साफ टाळा. गोदेकाठची जुनी गढी, जिला लोक काझीची गढी म्हणतात, तिच्या कडेची घरं. याच मातीत १९५०-५१ साली डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं आणि दोन-तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीच्या खुणा काढल्या. इतिहास म्हणून मोलाची जागा, पण आहे ती मातीची टेकडी, आणि दर पावसाळ्यात तिचे कडे ढासळतात. महापालिका दरवर्षी तिथल्या रहिवाशांना हलायला सांगते, ते उगीच नाही.

वाडा बघताना डोळे वर आणि नख खाली

जुन्या गल्लीत तुम्हाला तीन प्रकारची घरं दिसतील. वाडा पाडून बांधलेली चार मजली इमारत, अर्धा पाडलेला आणि अर्धा राहता वाडा, आणि क्वचित अख्खा वाडा. पहिल्यात राहायला सांगण्यासारखं विशेष काही नाही, पाणी आणि जिना बघा आणि घ्या. खरी कसोटी उरलेल्या दोघांत.

वाड्याचं काम लाकडी सांगाड्यावर. दगडी जोतं, त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, आणि भिंती विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या. म्हणून भिंतीला भेग दिसली की घाबरू नका, खांब बघा. खांब दगडी तळखड्यावर जिथे टेकतो, तिथे अंगठ्याचं नख दाबा. नख रुतलं किंवा बोटाला ओलसर भुगा लागला, तर खांब खालून कुजलाय. मग मान वर करून तुळईचं टोक भिंतीत जिथे शिरतं ती जागा बघा. बाहेरच्या भिंतीतून मुरलेलं पाणी नेमकं तिथे साचतं आणि तुळई मधून ठणठणीत दिसत असताना टोकाशी सडलेली असते. भिंतीवर मातीची बारीक नळी वर चढत गेली असेल तर ती वाळवी. मालक म्हणेल, ‘जुनी आहे हो, मेलेली.’ काडीने ती नळी थोडी फोडून ठेवा आणि दोन दिवसांनी पुन्हा जा. नळी सांधली गेली असेल तर वाळवी जिवंत आहे.

शक्य असेल तर घर जुलै-ऑगस्टमध्ये बघा. मार्चमध्ये प्रत्येक वाडा देखणा असतो. पावसात कौलं कुठे गळतात, कुठे पत्रा घातलाय, कुठे बादली ठेवलीय, हे न विचारता कळतं.

शेजारचा वाडा पडलेला असेल तर तेही गंभीर. जुने वाडे एकमेकांना खेटून, कित्येकदा सामाईक भिंतीने उभे असतात. एक काढला की दुसऱ्याची भिंत उघडी पडते आणि पावसाचा मारा थेट तिच्यावर बसतो. पडक्या वाड्याला लागून असलेली खोली मी कुणालाही घ्यायला सांगणार नाही, मग मधल्या चौकात कितीही सुरेख तुळशीवृंदावन असो.

बाकी तपासण्या पटापट: विजेची वायरिंग लाकडावरून उघडी गेलीय का, मीटर स्वतंत्र आहे का, संडास खोलीला जोडून आहे की चौकात सामाईक, नळाला पाणी किती वाजता येतं आणि टाकी कुणाची. पाण्याची वेळ मालकाला विचारू नका, समोरच्या काकूंना विचारा.

वाड्याच्या जाड भिंतींचा फायदा एप्रिल-मे महिन्यात कळतो. बाहेर चाळिशीचा पारा असताना माजघरात पंख्यावर भागतं. नाशकाच्या थंडीत मात्र तेच माजघर गार पडतं, आणि डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो तेव्हा गोधडी दोन लागतात.

कागदावर काय हवं

जुन्या भागात निम्मे व्यवहार तोंडी चालतात. ‘आपलंच घर समजा’ हे वाक्य गोड आहे, पण करार लेखी करा आणि नोंदवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसली आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. हे मालकाला हसत हसत सांगितलं की तो स्वतःच नोंदणीला येतो. पोलिस ठाण्यातली भाडेकरू नोंदही लगोलग उरका.

वाड्याला मालक एक नसतो. तीन भाऊ, दोन चुलत घराणी, एक आत्या ठाण्याला, असा सातबारा छाप पसारा असतो. भाडं कुणाच्या हातात द्यायचं आणि पावती कुणाच्या सहीची, ते आधी ठरवून घ्या. बाकीच्या हिस्सेदारांचं ना हरकत मिळालं तर उत्तमच.

आणि एक प्रश्न स्पष्ट विचारा: महापालिकेची नोटीस आलीय का? धोकादायक इमारतींना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली नोटीस जाते. पावसाळ्याच्या तोंडावर अशा नोटिसा जुन्या नाशकात दरवर्षी निघतात. काही ठिकाणी मालक-भाडेकरूंच्या जुन्या भांडणापायी घर ना दुरुस्त होतं ना पाडलं जातं, आणि नवा भाडेकरू त्यात विनाकारण अडकतो. विभागीय कार्यालयात चौकशी करायला एक फेरी पुरते.

सामान आणायचं कसं

टेम्पो गल्लीत जाणार नाही, हे गृहीत धरा. छोटा हत्तीसुद्धा जवळच्या चौकात थांबतो आणि पुढे हातगाडी किंवा हमाल. मंगळवार-बुधवारची सकाळ, दुकानं उघडायच्या आत, ही उत्तम वेळ. पण गंगेजवळ घर असेल तर बुधवार नको, त्या दिवशी घाटावर आठवडे बाजार भरतो. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस मेनरोडवर सामान हलवायचं नावही काढू नका.

कपाट घेण्याआधी जिना मोजा. वाड्याचा जिना बहुतेकदा भिंतीच्या जाडीत बसवलेला, अरुंद आणि उभा असतो. डबल बेड, अखंड सोफा, मोठा फ्रिज त्यातून वर जात नाही. सुटं होणारं सामान आणा. मोटार असेल तर तिची सोय बाहेर करावी लागेल आणि त्याचं भाडं खोलीच्या भाड्यात धरूनच हिशेब करा. दुचाकी चालते, फक्त ती कुणाच्या ओट्याला टेकवायची याचा अलिखित करार पहिल्याच दिवशी करून घ्या.

पायांवर दिवस लावून घ्या

इथे राहायचं खरं कारण हेच. बहुतेक कामं पंधरा-वीस मिनिटांच्या पायी टप्प्यात उरकतात: दवाखाना, शिंपी, किराणा, भांड्याला कल्हई, घड्याळाचा पट्टा, बँक, रद्दी, जिल्हाधिकारी कार्यालय, कोर्ट, सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानक. तांब्या-पितळेचं काही हवं तर भांडी बाजार, कापड हवं तर बोहरपट्टी आणि मेनरोड. चिवडा कोंडाजीचा, जिलेबी बुधा हलवायाची, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही, तुम्हाला एकदा सांगतो. मिसळीच्या बाबतीत माझं मत जरा कडू आहे: नावाजलेली गर्दी आता शहराबाहेरच्या मळ्यांत गेलीय, पण चालत जाऊन, उभ्याने खाऊन, नऊच्या आत कामाला लागता येईल अशी मिसळ गावातच मिळते.

चालायचे रस्ते ठरवताना दोन जाळी डोक्यात ठेवा. मेनरोड हा रोजचा रस्ता नव्हे, तिथे संध्याकाळी धक्के खातच जावं लागतं. रहिवासी माणूस समांतर बोळांनी जातो. पहिले काही दिवस चुकाल, हरकत नाही. गोंधळ झाला तर उताराने खाली चाला, गंगा लागते. तिथून वर कसं यायचं ते कुणीही सांगतं.

पहाटे चालायचं असेल तर होळकर पुलावरून पंचवटीत आणि रामकुंडावरून परत हा फेरा छान. होळकर पुलाला जुनी माणसं व्हिक्टोरिया पूल म्हणतात, १८९५ सालचा आहे. टोकालाच सुंदरनारायणाचं १७५६ सालचं देऊळ. रामकुंडावर मात्र एका गोष्टीची मनाची तयारी हवी. देशभरातून लोक इथे अस्थी घेऊन येतात. सकाळी घाटावर दशक्रियेचे विधी चाललेले असतात, डोकी भादरलेली माणसं, पिंड, कावळ्यांची वाट बघणारे नातेवाईक. तुम्ही व्यायामाला आला असाल, ते नसतात. कानातली गाणी बंद करा, फोटो काढू नका.

वाचायची आवड असेल तर सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व पहिल्याच महिन्यात घ्या. १८४० पासूनची संस्था आहे आणि तिथे पेपर चाळत बसलेली ज्येष्ठ मंडळी म्हणजे जुन्या नाशकाचं चालतंबोलतं रेकॉर्ड. मे महिन्यात गंगेवर, देव मामलेदार यशवंतराव महाराज पटांगणावर वसंत व्याख्यानमाला असते. जेवण उरकून चपला घालून उतरलं की पोचलात, पार्किंगची चिंता बाहेरून आलेल्यांना.

जुन्या नाशकाला रेल्वे नाही हे विसरू नका. नाशिकरोड स्टेशन ९-१० किलोमीटरवर. शालिमार, सीबीएस किंवा पंचवटीतल्या निमाणीवरून सिटीलिंकच्या, म्हणजे महापालिकेच्या, बस मिळतात, रिक्षाही आहेत. सकाळची पंचवटी एक्स्प्रेस धरून मुंबईला रोज जायचं असेल, तर सरळ सांगतो, नाशिकरोडलाच घर बघा.

पावसाळ्यात मारुतीकडे लक्ष ठेवा

रामकुंडाजवळ नदीपात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. गंगापूर धरणातून पाणी सुटलं की सगळं गाव एकच प्रश्न विचारतं: ‘मारुतीच्या कुठवर आलं?’ पायाला लागलं म्हणजे घाटावरची दुकानं उचलायची. कमरेच्या वर गेलं की खालच्या बाजारात हालचाल सुरू होते, छातीच्या पुढे गेलं की सराफ बाजारातले लोक माल वर चढवतात. पलीकडे १७४७ सालचं नारोशंकराचं देऊळ आहे, तिथली मोठी घंटा वसईच्या विजयाची खूण. पाणी त्या घंटेला लागलं म्हणजे महापूर, अशी जुन्यांची मोजणी. १९६९ चा पूर बघितलेली माणसं अजून त्याच भाषेत बोलतात. २ ऑगस्ट २०१६ ला नव्या पिढीनेही बघितलं, २०१९ ला पुन्हा.

तुमचं काम इतकंच. धरणातून किती क्युसेक विसर्ग चाललाय ती बातमी सकाळ-संध्याकाळ बघा. खालच्या पट्ट्यात राहत असाल तर कागदपत्रं, गॅस सिलिंडर आणि इन्व्हर्टर जून लागण्याआधीच उंचावर ठेवा. दुचाकी घाटाजवळ लावू नका. आणि पूर बघायला होळकर पुलावर गर्दी करू नका. तो चढ-उतार तुम्हाला रोजचा आहे, त्या दिवशी तो मदत करणाऱ्यांना मोकळा हवा.

वाड्यात असाल तर झडीच्या पावसाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी सावध राहा. माती पाणी पिऊन जड होते आणि भिंत पाऊस थांबल्यावरही खचते. वरून माती गळू लागली, दार एकाएकी चौकटीत अडकू लागलं, तुळईतून कडकड ऐकू आली, की सामान आवरत बसू नका, माणसं बाहेर काढा.

सणांचं कॅलेंडर भिंतीवर लावा

बाहेरगावचा माणूस धुळवडीला रंग घेऊन बाहेर पडतो आणि नाशकात तोंडघशी पडतो. इथे रंग रंगपंचमीला. धुळवडीला वीरांची मिरवणूक: डोक्याला बाशिंग बांधलेला दाजिबा वीर, आणि घरोघरचे लोक देवाचे टाक नाचवत गंगेवर नेतात.

रंगपंचमीच्या आधी तिवंधा, शनि चौक, दिल्ली दरवाजा अशा ठिकाणी एक दिवस रस्ताच खोदलेला दिसेल. महापालिकेला फोन करू नका. ती रहाड. पेशवेकाळापासूनचे दगडी हौद आहेत, वर्षभर लाकडी ओंडके आणि माती टाकून बुजवलेले, ज्यांच्यावरून तुम्ही अकरा महिने दुचाकी चालवली. ते उघडून रंगाने भरतात, पूजा होते आणि मग पोरं वरून धपाधप उड्या टाकतात. प्रत्येक रहाडीचा रंग आणि मानकरी ठरलेले. उडी मारायची असेल तर जुने कपडे, मोबाइल घरी, आणि घरमालकाच्या मुलाचा हात धरून जा. रंग उटण्यासारखा अंगात मुरतो, दुसऱ्या दिवशी ऑफिसात दिसेलच.

चैत्रात कामदा एकादशीला काळारामाचे रथ निघतात. गरुड रथ नदी ओलांडून जुन्या नाशकात येतो, रामाचा रथ मात्र नदी ओलांडत नाही. त्या संध्याकाळी रथमार्गावर घर असेल तर पाहुणे न बोलावता येतात, पोहे भिजत ठेवा. त्याच काळारामाच्या दाराशी २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. रथ बघायला जाल तेव्हा ती जागाही बघा. गणेश विसर्जनाची मुख्य मिरवणूक वाकडी बारवेपासून दूध बाजार, मेनरोड, रविवार कारंजा करत गंगेवर उतरते. त्या दिवशी दुपारनंतर दवाखान्याचं काम ठेवू नका.

वर्गणी मागायला पोरं येतील. पावती घ्या, रक्कम ऐपतीची द्या, पण दार लावून बसू नका. सिलिंडर चौकातून वर चढवून देणारी पोरं तीच असतात.

सिंहस्थाच्या आधी येत असाल तर

२०१५ नंतरचा सिंहस्थ कुंभमेळा दारात आहे. २०२६ च्या ऑक्टोबरअखेर ध्वजारोहण आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मुख्य स्नानं. रामकुंड हाच केंद्रबिंदू, म्हणजे तुमची गल्ली पोलिसांच्या बॅरिकेडच्या आत. २००३ मध्ये सरदार चौकाच्या उतारावर चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली, तेव्हापासून पर्वणीचा, म्हणजे मुख्य स्नानाच्या दिवसाचा, बंदोबस्त फार कडक असतो. कुणाला सवलत मिळत नाही आणि मिळूही नये.

करारात अकरा महिन्यांची मुदत या काळात संपते का ते बघा. यात्रेच्या भाड्याचा मोह मालकाला पडू शकतो, तेव्हा नूतनीकरणाची अट आधीच लिहून घ्या. पत्त्याचा पुरावा जुन्या नाशकातल्या घराचा करून ठेवा, बॅरिकेडवर आधार कार्ड बघितलं जातं. पर्वणीच्या आदल्या दिवसापर्यंत दूध पावडर, भाजी, औषधं, पिण्याचं पाणी भरून ठेवा. घरात म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई असेल तर त्यांना तेवढे दोन-तीन दिवस सिडकोत नाहीतर इंदिरानगरला नातेवाइकांकडे हलवा. दुचाकी आदल्या रात्रीच बॅरिकेडबाहेर कुणाच्या तरी अंगणात लावून या, आणि किल्ली त्यांच्याकडे न ठेवता बरोबर घ्या.